क्वार्टर, चणे आणि कोपऱ्यातलं टेबल

चकाचक पबमध्ये तुम्ही कस्टमर असता. गल्लीतल्या परमिट रूममध्ये ‘रेग्युलर’ असता. फरक नेमका काय, ते बघायला एक चक्कर...

मराठीत ‘बसणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. दारातून आलेल्या पाहुण्याला आई ‘बसा ना’ म्हणते, तो एक. आणि शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर ‘आज बसायचं का?’ असा मेसेज येतो, तो दुसरा! दुसऱ्या अर्थाला ‘कुठे?’ हा प्रश्न लगेच चिकटतो. मग लोअर परळ, बीकेसी, अंधेरीत नोकऱ्या करणारी तुमच्या-आमच्यासारखी मंडळी कुठल्या तरी पबचं नाव टाकतात. तिथं म्युझिक एवढं मोठं, की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. बिल आलं की महिन्याचं बजेट हललेलं. आणि तिथल्या एकालाही तुमचं नाव माहीत नसतं.

त्याच रस्त्यावर, दोन गल्ल्या सोडून, काळ्या काचेचा एक दरवाजा असतो. वर पाटी – ‘रेस्टॉरंट अँड बार, परमिट रूम’. तुम्ही हजारदा त्याच्यासमोरून गेलेले असता. त्यातल्याच एका परमिट रूममध्ये, लालबागच्या एका गल्लीत, गेलं वर्षभर मी अधूनमधून जाऊन बसतेय. (दोन्ही अर्थांनी!)

परमिट कसलं, बॉस?

आधी थोडा इतिहास, कारण तो सॉलिड आहे. १९४९मध्ये, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदी कायदा आला. प्यायची तर सरकारी परवाना हवा! मग शहराने आपले मार्ग शोधले. धोबी तलाव, वांद्रे, गिरगाव या भागांत ‘आंटी’ची घरं प्रसिद्ध झाली. पुढच्या खोलीत कुटुंब, मागच्या खोलीत गिऱ्हाईक आणि दारावर नजर ठेवणारा एखादा पोरगा. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. परवाना असलेल्या माणसाने कायदेशीर बसून प्यायची जागा, ती ‘परमिट रूम’.

गंमत म्हणजे तो कायदा अजून जिवंत आहे. नाव बदलून ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झालं, इतकंच. आजही राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आणि तो मिळतो कशासाठी? आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे कागदोपत्री बघाल तर समोरच्या टेबलावरचे काका औषधच घेतायत.

सात वाजून दहा मिनिटं

ते काका सात-दहाला येतात. बँकेतून रिटायर्ड. बसायची जागा ठरलेली, पंख्याखाली, भिंतीला पाठ. ते खुर्ची ओढेपर्यंत ग्लास, सोडा आणि उकडलेल्या चण्यांची बशी टेबलावर हजर. ऑर्डर हा प्रकारच नाही. वेटरला माहीत असतं की त्यांना बर्फ चालत नाही, महिन्याच्या शेवटी ब्रँड एक पायरी खाली उतरतो आणि गुरुवारी ते येतच नाहीत.

इथली भाषा वेगळी. ‘क्वार्टर’ म्हणजे १८० मिलि. ‘नाइन्टी’ म्हणजे त्याच्या निम्मी. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायची, हा मानाचा भाग. पाण्याबद्दल वेटर एकच विचारणार, ‘बिसलेरी की साधा?’ चकण्याचा मेन्यू कित्येक वर्षांत बदललेला नाही. चणे, मसाला पापड, शेंगदाणा मसाला, उकडलेलं अंडं. खाली नॉन-एसी, वर एसी. माल तोच, रेट वेगळा. गल्ल्यावर मंगळूरकडचे शेठ, तुळू, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारे.

आणि टेबलांवर? एक टॅक्सीवाले मामा, गाडी घरी लावून येणारे. गिरणीत साचे चालवलेले एक आजोबा, ज्यांची नोकरी १९८२च्या संपात गेली. कुरियर कंपनीतली दोन पोरं. एक वकील, काळा कोट खुर्चीच्या पाठीवर. बाहेर या सगळ्यांची गाठ पडायचं काही कारण नाही. आत मात्र वकीलसाहेब मामांचं आरटीओचं पत्र वाचून देतात आणि कुरियरवाल्यांपैकी एक जण काकांना मोबाइलवरून वीजबिल भरून देतो.

मार्च २०२०मध्ये हे सगळं बंद पडलं. ५ ऑक्टोबरला बार अर्ध्या क्षमतेनं उघडले, तेव्हा पाच जणांच्या एका ग्रुपमधले चारच आले. पाचवे गेले होते. त्यांच्या नावावर शेठच्या वहीत उधारी होती. शेठ काही बोलले नाहीत. चौघांनी वही मागून घेतली, रक्कम चार भागांत वाटली आणि ते पान शेठना फाडायला लावलं. ही गोष्ट मला वेटरने सांगितली. त्या चौघांपैकी कुणीही तिच्याबद्दल माझ्याशी अवाक्षर काढलेलं नाही.

मॅडम, फॅमिली वर!

आता जरा कडू. मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा वेटरने न विचारताच जिन्याकडे बोट दाखवलं. ‘मॅडम, फॅमिली वर!’ माझ्याबरोबर फॅमिली नव्हती, पण बाई दिसली की ती फॅमिली, हा इथला हिशेब. मी खालीच बसले. दहा मिनिटं आख्खी रूम गप्प. मग काकांनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला आणि मॅच पुन्हा सुरू झाली. आज तिथं मला कुणी त्रास देत नाही. पण वर्षभरात मला खाली दुसरी एकटी मुलगी दिसलेली नाही. दिवसभराच्या कामानंतर तासभर कुणाचं काही न लागता बसण्याची चैन या शहराने अर्ध्याच लोकांना दिली आहे. परमिट रूमवर प्रेम करायचं तर हेही बोलायला हवं.

दुसरी गोष्ट. रोज येणारा प्रत्येक जण ‘रेग्युलर’ नसतो. काहींची सुटका होत नसते. दुपारी बाराला शटर उघडण्याची वाट बघणारे चेहरेही मी पाहिलेत. शेठ एका माणसाला दुसऱ्या क्वार्टरनंतर देत नाहीत, त्याच्या बायकोने सांगून ठेवलंय म्हणून. पण तो पुढच्या बारमध्ये जातो, हे शेठनाही ठाऊक आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ची गरज अजून संपलेली नाही, ती उगाच नाही.

बिल कोण भरणार?

या जागा टिकतील का? आकडे बघा. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जून २०२५मध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं आणि भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याच्या १८० मिलिची दुकानातली किमान किंमत २०५ रुपये ठरवली. बारमध्ये त्यावर टेबलाचा रेट चढणार, मग व्हॅट. निषेध म्हणून १४ जुलै २०२५ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला.

महाग झाली तर लोक कमी पितील, असं कुणी म्हणेल. काही जण पितीलही कमी. पण कुरियरवाली पोरं आता वाइन शॉपमधून बाटली घेतात आणि बंद गाळ्याच्या पायरीवर बसतात. तिथं चणे नाहीत, ‘आता बस’ म्हणणारा शेठ नाही, घरी सोडणारे मामा नाहीत. दारू तेवढीच आहे, राखण गेली. त्यात गल्लीतली चाळ रिडेव्हलपमेंटला निघालीय. नव्या टॉवरखाली भाडं परवडेल ते एखाद्या कॅफेलाच.

पहिल्यांदा जाताय?

• वय तपासा. राज्यात बीअरसाठी २१, कडक दारूसाठी २५ पूर्ण हवीत.
• २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर : ड्राय डे. शटर बंद!
• पंख्याखालचं टेबल रिकामं दिसलं तरी आधी वेटरला विचारा. ते बहुतेक कुणाचं तरी असतं.
• सेल्फी नको. समोरच्याच्या घरी तो ‘ऑफिसात’ असू शकतो.
• टिप वेटरच्या हातात द्या आणि त्याचं नाव विचारा. दुसऱ्या वेळी त्याला तुमचं आठवेल.
• मैत्रिणींनो, जिन्याकडे बोट दाखवलं तर हसून ‘खालीच बरं आहे’ म्हणा. मी तिथंच असेन, दाराजवळच्या टेबलावर.