अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक व्यवसाय : पात्रता व मर्यादा

डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिक ही हस्तोपचारपद्धती प्रवर्तित केली. मणके स्थानभ्रष्ट झाल्याने मज्जातंतूंचे कार्य बिघडते व त्यातून बहुतेक रोग उद्भवतात, हा त्यांचा सिद्धांत होय. या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी महाविद्यालयीन पूर्वशिक्षण, तदनंतर सुमारे चार वर्षांचा अभ्यासक्रम, राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा व राज्याचा परवाना आवश्यक असतो. १९७४ मध्ये लुइझियानाने परवाना देण्याचा कायदा केला आणि सर्व राज्यांत व्यवसायास वैधता लाभली. परंतु कायद्याची मान्यता म्हणजे शास्त्रीय सिद्धता नव्हे. कंबरदुखीवर या उपचाराचा मर्यादित लाभ आढळला आहे. मूळ सिद्धांतास मात्र पुराव्याचा आधार मिळालेला नाही. म्हणूनच अस्थिभंग, अर्बुद वा जंतुसंसर्ग यांची शंका येताच हात आवरून रुग्णास तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठविणे, हे या व्यावसायिकाचे पहिले कर्तव्य ठरते.