सोमवारचा उजेड

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे हॉथॉर्न प्रयोग. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात उजेड कमी-जास्त करून कामगारांचं उत्पादन मोजलं. पुस्तकात लिहिलेलं असतं, की उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं! म्हणजे काय, तर आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय म्हटल्यावर माणसं जास्त काम करतात. चार मार्क खिशात.

पण स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ते जुने आकडे शोधून काढले आणि २०११ साली त्यावर लेख छापला. दिव्यांतले बदल व्हायचे रविवारी. म्हणजे नव्या उजेडाचा पहिला दिवस सोमवार. आणि दिवे बदलले नाहीत तरी सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्तच असायचं!

मानसशास्त्रात हा अंतर्गत वैधतेचा प्रश्न. (तोवर वैध-अवैध फक्त बांधकामं असतात अशी माझी समजूत होती.) फरक पडला तो आपण केलेल्या बदलामुळेच, दुसऱ्या कशामुळे नाही, हे छातीठोकपणे सांगता यायला हवं. तोच निष्कर्ष दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांना लागू पडला तर बाह्य वैधता. विश्वसनीयता आणखी वेगळी. मेसचा तराजू रोज न चुकता शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, वैध नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमचाच प्रोजेक्ट. होस्टेलच्या रीडिंग हॉलमध्ये नव्या ट्यूब लागल्या. आधी आणि नंतर डोकी मोजली, तर संख्या दुप्पट! रिपोर्ट दिला, शाबासकी मिळाली, रेक्टर सरांनी दुसऱ्या होस्टेलसाठीही ट्यूबचा खर्च मांडला. मग मॅडमनी एवढंच विचारलं, "कुठल्या आठवड्यात मोजलंत?" पहिली मोजणी गणपतीच्या सुट्टीला लागून, दुसरी सबमिशनच्या तोंडावर. आम्ही गप्प. आमचा सोमवार पंधरा दिवसांचा होता.

रेक्टर सरांना जाऊन खरं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त खर्चाचा कागद बाजूला ठेवला, आणि ते जास्त लागलं.

पुढच्या टर्मला पुन्हा मोजणार आहोत. अर्ध्या हॉलमध्ये नव्या ट्यूब, अर्ध्यात जुन्या, आठवडा एकच. कोणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, नाहीतर अभ्यासू मंडळी आपोआप उजेडाकडे सरकतील आणि श्रेय ट्यूबला जाईल. डोकी नाही, सोडवलेली गणितं मोजू. तेव्हा कृपा करून चिठ्ठ्यांची अदलाबदल करू नका, मित्राशेजारी बसायचं असलं तरी.