सुगंधाची पारख

लग्नकार्यांत पाहुण्यांच्या मनगटास अत्तर लावण्याचा परिपाठ आपल्याकडे जुना आहे. तेव्हां सुगंधाची आवड पुरुषांस शोभत नाहीं, असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु आवड निराळी आणि पारख निराळी. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें खाऊचे पैसे सांठवून वडिलांसाठीं अत्तराची कुपी घेतली. दुकानांत पहिल्या श्वासालाच तो मोहून गेला होता. घरीं आल्यावर घटकाभरांत तो मधुर वास मावळला, आणि मागें जो उग्र दर्प राहिला त्यानें वडिलांचें डोकें दुखूं लागलें. वडील कांहीं बोलले नाहींत; पण दुसऱ्या दिवशीं कुपी फडताळांत गेलेली पाहून मुलास फार वाईट वाटलें. त्याची चूक कोठें झाली, याचा आपण विचार करूं.

सुगंधी द्रव्यांत बहुधा अनेक तेलांचें मिश्रण असतें. लिंबू, संत्रें यांच्या सालींचीं तेलें हलकीं. तीं थोड्याच वेळांत उडून जातात. त्यांच्यामागून गुलाबासारख्या फुलांचा वास पुढें येतो. चंदन, वाळा यांचीं तेलें जड. तीं कित्येक तास टिकतात. म्हणून बूच काढतांच जो वास येतो तो पाहुणा होय. वस्तीस राहणारा निराळाच. त्या विद्यार्थ्यानें पाहुण्यावरून सर्व घराची परीक्षा केली!

अत्तर व पाश्चात्त्य सुगंध यांतील मुख्य भेद आधाराचा आहे. उत्तर प्रदेशांतील कनौज येथें फुलें व पाणी तांब्याच्या डेगींत घालून तिचें तोंड मातीनें लिंपतात. खालीं जाळ केला म्हणजे सुगंधित वाफ वेळूच्या नळींतून थंड पाण्यांत ठेविलेल्या भपक्यांत उतरते, आणि तेथील चंदनतेलांत तो वास मुरतो. चंदनतेल महाग असल्यामुळें पुष्कळदां त्याऐवजीं स्वस्त खनिज तेल वापरतात. म्हणून अत्तर कोणत्या तेलावर धरलें आहे, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें. पाश्चात्त्य सुगंधांत तेलाच्या जागीं मद्यार्क असतो. जर्मनींतील कोलोन शहरीं १७०९ सालीं स्थापन झालेल्या फारिना पेढीनें अशा सुगंधास कीर्ति मिळवून दिली, व त्या शहरावरूनच ‘ओ द कोलोन’ हें नांव पडलें. मद्यार्क लवकर उडत असल्यानें हा वास चटकन पसरतो व लवकर ओसरतो. अत्तर अंगाशीं राहून सावकाश दरवळतें.

निवड करतांना एका वेळीं तिहींहून अधिक वास घेऊं नयेत. नाक थकतें व भेद कळेनासा होतो. प्रथम कागदाच्या पट्टीवर वास पाहावा. जो आवडेल त्याचा एक थेंब स्वच्छ मनगटास लावून घरीं परत यावें. तीन-चार तासांनीं उरलेला वासही आवडला, तरच पैसे खर्चावे. प्रत्येकाच्या त्वचेवर वास थोडा निराळा उमटतो. म्हणून मित्रास शोभला तो आपणांस शोभेलच असें नाहीं. उन्हाळ्यांत वाळा व थंडींत हिना, हा पूर्वापार चालत आलेला क्रमही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

प्रमाणाविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आपल्या अंगचा वास आपल्या नाकास लवकरच जाणवेनासा होतो. मग मनुष्य अधिकाधिक लावीत जातो, आणि शेजारीं बसणारा मात्र गुदमरतो! जवळ येणाऱ्यास कळावा, दूरच्यास कळूं नये, इतकाच सुगंध पुरे. शिवाय तो स्नानाची जागा घेऊं शकत नाहीं. मळक्या सदऱ्यावर उत्तम अत्तरही वायां जातें.

पुढें दिवाळीच्या आधीं त्या विद्यार्थ्यानें वडिलांसच दुकानीं नेलें. दोघांनीं मनगटास हिना लावून घेतला, बाजारहाट केला, आणि संध्याकाळीं परत येऊन लहानशी कुपी घेतली. ती आतां फडताळांत नसते. वडिलांच्या कोटाच्या खिशांत असते.