गिअर दाखविणारा आकडा

जुन्या स्कूटरच्या डाव्या मुठीवर 1, 2, 3, 4 असे आकडे असत. मूठ फिरवून जो आकडा खुणेसमोर आणावा, तो गिअर पडे; त्यामुळे कोणता गिअर चालू आहे, हे चालकाला मनगटाच्या वळणावरूनही कळे. मोटारसायकलचे तसे नाही. तिची गिअरची दांडी पायाखाली असते. ती खाली दाबली किंवा वर उचलली, की गिअर बदलतो. परंतु पाय काढताच दांडी स्प्रिंगच्या ओढीने पुन्हा पहिल्या जागी येते. गिअर पहिला असो वा पाचवा, दांडी दिसते तशीच. आपण कितव्या गिअरमध्ये आहोत, हे चालकाला मोजून ध्यानात ठेवावे लागते. आणि गर्दीच्या चौकात किंवा घाटाच्या वळणावर ते ध्यानात राहतेच असे नाही.

ही अडचण ओळखून जपानच्या सुझुकी कंपनीने विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आपल्या मोठ्या मोटारसायकलींवर गिअरचा आकडा दाखविणारी चौकट बसविली. 1976च्या अखेरीस पुढे आलेली ‘जीएस 750’ ही त्यांपैकीच एक. चार सिलिंडरांची व पाच गिअरांची ही गाडी सुझुकीची पहिली मोठी फोर-स्ट्रोक मोटारसायकल होय. तोवर ही कंपनी टू-स्ट्रोक गाड्यांसाठीच प्रसिद्ध होती. गाडीचा वेग व इंजिनाचे फेरे दाखविणाऱ्या दोन तबकड्यांच्या मध्ये 1 ते 5 पैकी एक आकडा उजळतो. कोणताच गिअर नसेल, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर हिरवा दिवा लागतो. जुन्या गाड्यांचे षौकीन आजही ह्या गाड्या जिवापाड जपतात, आणि पन्नाशीला आलेल्या त्या आकड्याची दुखणी त्यांना वरचेवर काढावी लागतात.

आकडा उजळला नाही म्हणून गाडी अडून राहत नाही, हे खरे. पण मुळीच न बोलणाऱ्या खुणेपेक्षा खोटे बोलणारी खूण अधिक घातक असते. हिरवा दिवा पाहून चालकाने क्लच सोडला आणि गाडी प्रत्यक्षात पहिल्या गिअरमध्ये असली, तर ती उसळी मारून पुढे जाते. समोर कोण उभे आहे, ते ती पाहत नाही.

दोष शोधण्यापूर्वी आकडा कशावरून ठरतो, हे समजून घेतले पाहिजे. गिअरपेटीत दातेरी चाकांच्या जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांपैकी कोणत्या जोडीने शक्ती वाहून न्यावयाची, हे एक ड्रम ठरवितो. ह्या ड्रमच्या अंगावर नागमोडी खाचा असतात व त्या खाचांत फोर्कांची टोके बसलेली असतात. दांडी दाबली की ड्रम थोडा फिरतो. खाचांच्या वळणाबरोबर फोर्क बाजूला सरकतात. आणि फोर्कांनी धरलेली चाके सरकून शेजारच्या चाकांत अडकतात. ड्रमच्या एका टोकाला एक लहानशी पिन असून तिच्यामागे स्प्रिंग असते. समोर प्लास्टिकची चकती असते, तिच्यावर धातूचे ठिपके असतात व एकेका ठिपक्यातून एकेक तार वर आकड्याकडे जाते. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असल्यामुळे इंजिनाचा सारा धातू त्या टोकाशी जोडलेलाच असतो. पिन ज्या ठिपक्याला टेकते, त्याचे विद्युत्मंडल पूर्ण होते आणि तो आकडा उजळतो.

म्हणजे आकड्याला आतील चाके दिसत नाहीत. ड्रम किती फिरला, हेही त्याला परस्पर कळत नाही. आपली तार इंजिनाच्या धातूला टेकली, एवढेच काय ते त्याला समजते. ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली, तो कारागीर हातात पाना घेण्यापूर्वीच निम्मे काम उरकतो; कारण तो आधी नुसते पाहतो.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, किल्ली मात्र चालू करावी व एकेक गिअर टाकून पाहावा. इंजिन बंद असताना नुसती दांडी दाबून गिअर सहजासहजी पडत नाही. मागचे चाक हाताने हळूहळू फिरवीत दांडी दाबली, म्हणजे आतील चाके एकमेकांत बसतात. आता एकही आकडा उजळत नाही, पण न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो, असे दिसले तर काय समजावे? तो दिवाही त्याच पिनेवर लागतो. तेव्हा पिन व स्प्रिंग शाबूत आहेत. दोष आकड्यांच्या चौकटीला वीज पुरविणाऱ्या सामाईक तारेत किंवा खुद्द चौकटीत असला पाहिजे. उलट, आकडेही नाहीत आणि हिरवा दिवाही नाही, तर पिनेचा संशय बळावतो. एकच आकडा गैरहजर असेल, तर त्याची तार, त्याचा ठिपका किंवा चौकटीतील त्याचा भाग, एवढ्यांतच शोध घ्यावा.

एखादा आकडा, किंवा हिरवा दिवा, कोणत्याही गिअरमध्ये सतत उजळलेलाच राहतो, हा प्रकार फार बोलका आहे. ह्या तारा इंजिनाच्या डाव्या अंगाला, चेन ओढणाऱ्या पुढच्या स्प्रॉकेटच्या शेजारून वर जातात. तेथे उष्णता, तेल आणि चेनवरून उडणारी घाण यांचा नित्य मारा असतो. वर्षानुवर्षांनी तारेचे वेष्टन कडक होऊन तडकते, किंवा स्प्रॉकेट बदलताना तार नीट बसविली गेली नाही, तर घासून सोलवटते. उघडी तार इंजिनाला टेकली की आकड्याला वाटते, आपलाच गिअर पडला. हिरव्या दिव्याच्या तारेला असे झाले, तर वर सांगितलेला धोका उद्भवतो.

यापुढची परीक्षा तारांच्या जोडापाशी करावयाची. न उजळणारा आकडा 3 असेल, तर चकतीकडून येणारी त्याची तार जोडापाशी सोडवावी आणि चौकटीकडे जाणारे टोक इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूला क्षणभर टेकवावे. आकडा उजळला, तर जोडापासून वरचे सर्व ठीक; दोष खाली आहे. न उजळला, तर दोष वर आहे. एका स्पर्शाने अर्धे क्षेत्र संशयातून मोकळे होते! मात्र वीज पुरविणारी तार चुकूनही अशी टेकवू नये; मधला दिवा टाळून सारा प्रवाह थेट वाहील व फ्यूज वितळेल. पुष्कळदा दोष जोडातच सापडतो. पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे घरोघर ठाऊक आहे. दमट हवेत पितळी जोडावरही तसाच हिरवट कळंक चढतो व तो विजेची वाट अडवितो. तो खरवडून काढला की आकडा पुन्हा दिसू लागतो.

एवढ्यानेही निभावले नाही, तरच स्प्रॉकेटवरील झाकण काढून चकतीला हात घालावा. जपानी गाड्यांच्या स्क्रूंवरील फुलीची खाच आपल्याकडच्या नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरला तंतोतंत जुळत नाही. तो घसरतो आणि खाच झिजवून टाकतो. घाईच्या कारागिराने खाच झिजविलेले स्क्रू अशा गाड्यांवर नेहमी भेटतात. चकती अलग करताना खाली एखादे ताट धरावे, कारण पिन आणि तिची चिमुकली स्प्रिंग टपकन खाली पडतात व एकदा हरवली की लवकर मिळत नाहीत. पिनेचे टोक झिजले आहे काय, स्प्रिंग मलूल झाली आहे काय, हे पाहावे. ठिपक्यांच्या मधल्या जागेत धातूची बारीक भुकटी साचली असेल, तर एका वेळी दोन आकडे उजळतात. ती कापडाने पुसून घ्यावी. चकती परत बसविताना तिच्याभोवतीचे रबरी कडे विसरू नये, नाही तर तेथून तेल पाझरू लागते.

सर्व काही निर्दोष असूनही कधी कधी दोन गिअरांच्या मध्ये आकडा नाहीसा होतो, इंजिन मोकळेच घोंगावते आणि गाडीला ओढ मिळत नाही. ड्रम अर्ध्यावरच थांबला व पिन दोन ठिपक्यांच्या मध्ये राहिली, म्हणजे असे घडते. अशा वेळी कोरी चौकट हाच खरा निरोप असतो; तारा उलगडून काही निष्पन्न होत नाही. दांडी नेटाने पुरती दाबली तर बहुधा गिअर बसतो. तरीही तो वारंवार अर्ध्यावर राहत असेल, तर ड्रमला प्रत्येक गिअरच्या जागी रोखून धरणारी स्प्रिंग आणि फोर्कांची टोके पाहावी लागतात, आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागते.