आकड्यांशी गप्पा – लेखांक ९ : ८० डॉलरचा दंड कोणी भरला?

मागच्या आठवड्यात पगारांची सरासरी काढून आपण फसलो होतो. या वेळी पार्किंगच्या दंडाच्या पावत्या घेऊ. त्याही न्यूयॉर्कच्या, कारण ते शहर पावत्यांची नोंद तारीख, रस्ता आणि कलमासकट सगळ्यांसाठी खुली ठेवतं.

मॅनहॅटनमध्ये ९६ व्या रस्त्याच्या दक्षिणेला झाडलोटीच्या वेळेत गाडी उभी राहिली तर दंड ६५ डॉलर. अग्निशमनाच्या नळखांबाजवळ लावली तर ११५. समजा, एका गल्लीत दहा पावत्या फाटल्या. सात ६५ च्या, तीन ११५ च्या. बेरीज ८००, सरासरी ८०. पण ८० ची पावती त्या गल्लीत कोणाच्याच काचेवर नव्हती! दंड दरपत्रकातून येतो, पावसासारखा कमीजास्त पडत नाही. इथे कामाला येतो तो दहावीत मार्कांपुरता पाठ केलेला बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेली किंमत.

शिवाय पत्त्यांची सरासरी निघत नाही, बहुलक मात्र निघतो. २०१४ मध्ये बेन वेलिंग्टन या संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने नळखांबांच्या पावत्या पत्त्यांनुसार मोजल्या, तेव्हा फोरसिथ स्ट्रीटवरचे दोन खांब एकदम वर आले. वर्षाला हजारो डॉलर मिळवून देणारे खांब! तिथलेच चालक एवढे बेशिस्त? जागा पाहिल्यावर उलगडा झाला. खांब फुटपाथला लागून, त्याच्यापुढे सायकलची पट्टी आणि पट्टीपलीकडे रस्त्यावर पार्किंगसारखी आखलेली जागा. गाडीवाला रेघ पाहून गाडी लावायचा, दंड करणारा खांब पाहून पावती फाडायचा. बोभाटा झाल्यावर शहराने आखणी बदलली. नियमभंगाचे आकडे म्हणून आपण जे मोजतो, त्यात कधीकधी रंगाऱ्याचा ब्रशही मोजला जातो.

आता सरासरीची खरी गंमत. रे फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी संयुक्त राष्ट्रांतल्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या थकलेल्या पावत्या तपासल्या. नोव्हेंबर १९९७ ते २००२ अखेर अशा पावत्या दीड लाखाच्या वर होत्या. राजनैतिक संरक्षण असल्यामुळे वसुली होत नसे. मोठ्या देशाचे अधिकारी जास्त, म्हणून नुसत्या बेरजेला अर्थ नव्हता; दोघांनी दर अधिकाऱ्यामागे वर्षाचा आकडा काढला. सरासरी आली २० च्या आसपास. कुवेत अडीचशेच्या घरात, इजिप्त १४० च्या जवळ, तर स्वीडन, नॉर्वे, जपान शून्यावर. भारत साधारण ६.

सरासरीच्या एक तृतीयांशाहूनही कमी, म्हणून पाठ थोपटावी का? जरा थांबा. ही सरासरी वरच्या मोजक्या देशांनी खांद्यावर उचलून धरलेली आहे. बहुतेक देश तिच्या खालीच होते. देश क्रमाने उभे करून मधला शोधला, म्हणजे मध्यक काढला, की तो २० च्या बराच खाली सापडतो. त्या रांगेत आपण चारचौघांसारखेच.

अजून एक गाठ आहे. २००२ च्या शरद ऋतूत थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबर प्लेट काढून घ्यायला सुरुवात झाली आणि थकणाऱ्या पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी घसरल्या. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे महिने एकत्र करून सरासरी काढली, तर ती ना आधीच्या काळाची, ना नंतरच्या. पुन्हा तोच ८० डॉलरचा दंड.

पुढच्या आठवड्यात प्रमाण विचलन. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.