उसाचा ट्रॅक्टर उतारावर

कृष्णाकाठी गळिताचा हंगाम सुरू झाला, की रेठरे बुद्रुक, साखराळे इत्यादी ठिकाणच्या कारखान्यांकडे जाणारे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी गजबजून जातात. पुढे एखादा जुना, रंग उडालेला ट्रॅक्टर व त्याच्या पाठीस शिगोशीग भरलेले दोन ट्रेलर, हे दृश्य सातारा-सांगलीकडील मुलांच्या नित्य परिचयाचे आहे. एवढे ओझे हे जुने यंत्र ओढते तरी कसे, असे विद्यार्थी आम्हांस विचारीत असतात. दंतचक्रांच्या योगे वेग कमी करून जोर वाढविता येतो, एवढेच त्याचे उत्तर. आमच्या मते, ते थांबते कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

हिशेबच करून पाहू. ट्रॅक्टर २ टनांचा व मागील भार २० टनांचा आहे, असे समजा. वीस फुटांस एक फूट अशा उतारावर २२ टनांच्या विसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ११०० किलोंची ओढ त्यास खाली खेचीत असते. जुन्या ट्रॅक्टरांस ब्रेक बहुधा मागील दोन चाकांसच असतात, आणि पुष्कळ ट्रेलरांस मुळीच नसतात. त्या दोन चाकांवर १४०० किलोंचे वजन पडत असेल, तर कोरड्या रस्त्यावरही त्यांची पकड १००० किलोंच्या फारशी वर जात नाही. बाकीच्या चाकांच्या घर्षणाची थोडी मदत होते खरी. परंतु वाहन उभे करावयास हाती जवळजवळ काहीच उरत नाही. रस्ता ओला असल्यास ट्रेलर ट्रॅक्टरास पुढे ढकलतात व तो आडवा फिरतो. ब्रेक नवे बसविले, तरी हा हिशेब बदलत नाही; कारण उणीव ब्रेकची नसून पकडीची आहे.

भार कसा रचला, यावरही पुष्कळ अवलंबून असते. गाडी धुरजड झाली की उलाळ झाली, हे आपल्या आजोबांस बैलांच्या मानेवरून कळे. दोनचाकी ट्रेलरास तोच नियम लागू आहे. भार किंचित पुढे असला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर वजन येऊन पकड वाढते. फाजील पुढे गेला, तर ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होऊन वळण मानीनाशी होतात. आणि मागे गेला, तर होती ती पकडही जाते.

म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो व वेग वाढूच देत नाही. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे चालकही आहेत; त्यांच्या धाडसाचे आम्हांस मुळीच कौतुक वाटत नाही.

ऊस उपसून काढण्यासाठी चालत्या ट्रेलरास लोंबकळणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. दोन ट्रेलरांच्या मध्ये कोणी पडला, तर उसाच्या भाऱ्याआड तो चालकास दिसत नाही. आणि दिसला, तरी वरील हिशेबाप्रमाणे त्यास जागच्या जागी थांबता येत नाही.