चिमूटभर हिरवा

लग्नसराई आली की कासाराकडे हिरव्या चुड्यासाठी झुंबड उडते. मैत्रिणींनो, हा हिरवा रंग काचेत येतो कुठून, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

मला पडला, आणि मग मी वाचतच गेले. काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून केलेला रस. त्यात एखाद्या धातूचं ऑक्साइड अगदी थोडं घातलं, की तो रंगतो. तांब्याचं घातलं की आकाशी, कोबाल्टचं घातलं की गर्द निळा, मँगनीजचं घातलं की जांभळा. आणि आपला हिरवा देतं क्रोमियम. उजेडात सगळे रंग असतात ना, त्यातला तांबडा आणि निळा-जांभळा क्रोमियम गिळतं. उरतो तो हिरवा, तेवढाच आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो.

घरच्या खिडकीची काच कडेनं पाहा, हिरवट दिसेल. ती वाळूतल्या लोखंडाची करामत! ही झाक मारायला काचवाले पूर्वी किंचित मँगनीज घालत. पिवळट पडलेल्या कपड्यांना आपण नीळ देतो ना, तसंच. शिशाच्या ऑक्साइडची तऱ्हा वेगळी. ते रंग देत नाही, पण त्यानं काचेत उजेड जास्त वाकतो. झुंबराचे लोलक झगमगतात ते त्यामुळे.

हे सगळं वाचताना मला सारखी आत्या आठवत होती. यजमान गेले त्या दिवशी चार बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या. त्यानंतर कुणाच्याही लग्नात चुडा भरायची वेळ आली, की ती आपणहून आत जाऊन बसायची. कशासाठी? वाळूत मिसळलेल्या चिमूटभर क्रोमियमसाठी? त्या बिचाऱ्याला सवाष्ण कोण नि विधवा कोण, काय कळतं!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाला मात्र ते कळलं. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पण ठराव कागदावर होतो, बांगड्या फोडायला पुढे होणारे हात आपल्याच घरातले असतात. ते आपणच थांबवायला हवेत.

परवा आत्याला भीतभीतच विचारलं, "बांगड्या आणू का गं तुला?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आण. पण हिरव्याच आण हं."